तू फक्त अभ्यास कर!

जून महिना आला की आमच्या कॉलेजच्या पायऱ्यांवर दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. एक, ज्यांच्या काखेत कागदांची पिशवी असते ती. आणि दुसरी, ज्यांच्या हातात काहीच नसते ती. पिशवी वडिलांकडे असते आणि हात मोकळे असतात चिरंजीवांचे. गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि या साऱ्यांच्या तीन तीन झेरॉक्स प्रती, असा सगळा संसार वडील सांभाळीत असतात. चिरंजीव शेजारी उभे राहून फोनच्या काचेवर अंगठा फिरवीत असतात. प्रवेशाचे बहुतेक सोपस्कार आता घरबसल्या संगणकावर होतात. पण ती पिशवी काही अजून सुटलेली नाही.

गेल्या वर्षी अशीच एक जोडी माझ्यासमोर येऊन बसली. मुलगा चुणचुणीत होता. बोलता बोलता मी सहज विचारले, "काय रे, वर्षाची फी किती भरावी लागणार तुला?"

त्याने वडिलांकडे पाहिले. वडील घाईघाईने म्हणाले, "त्याला कशाला सर त्या भानगडीत? मी त्याला सांगूनच ठेवलंय, तू फक्त अभ्यास कर. पैशाचं मी बघतो."

हे सांगताना त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मला चांगला ओळखीचा आहे. थोडा अभिमान, थोडा थकवा, आणि आपण बापाचे कर्तव्य चोख बजावीत आहोत याचे समाधान. आपल्या मध्यमवर्गीय घरांत हे वाक्य भिंतीवरच्या कॅलेंडरइतके नेमाने लटकलेले असते. मीही ते ऐकतच वाढलो. ते प्रेमाचे वाक्य आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु वीस वर्षे मुलांना शिकवल्यावर, आणि त्याआधी स्वतः या वाक्याचा प्रसाद भोगल्यावर, ते जितके प्रेमाचे तितकेच महागाचे आहे असे माझे मत होत चालले आहे. आज सणाच्या दिवशी याच वाक्याविषयी दोन शब्द बोलावेत असे मनात आहे.

सात घरे आणि सात चेहरे

पूर्वी विद्यार्थ्याला असे कोणी सांगत नसे, कारण सांगणाराच्या खिशात काही नसे. कोकणातून किंवा देशावरच्या खेड्यातून मुलगा पुण्यास शिकायला येई तो अंगावरच्या कपड्यांनिशी. मग वार लावून जेवायचे. सोमवारी एका वाड्यात, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात वार सात घरी. एखादे घर कमी पडले तर त्या वारी उपास. काहींनी झोळी घेऊन माधुकरी मागितली. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ताटावर बसलेल्या परक्या मुलाला वाढताना साऱ्याच घरांतला हात सारखा सैल नसतो. शिवाय ही सोयही सर्वांना नव्हती. ब्राह्मणाच्या मुलाला ब्राह्मणाच्या घरी वार मिळे. बहुजन समाजातल्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या मुलाने कोणाच्या पंक्तीला बसायचे? कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडण्यास आरंभ केला तो याच प्रश्नाला उत्तर म्हणून.

तेव्हा ते दिवस परत यावेत असे म्हणणारा मी नव्हे. पण एक गोष्ट त्या मुलांजवळ होती आणि आपल्या मुलांजवळ ती नाही. आपले शिक्षण कोणाच्या जिवावर चालले आहे हे त्यांना रोज दिसत असे. सात घरे, सात चेहरे. आपल्या ताटातला भात कोणत्या हातून आला हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नव्हते.

पंधरातले आठ

या बाबतीत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या लहानपणाची हकिकत मला फार बोलकी वाटते. १८७९ मध्ये गोखल्यांचे वडील वारले तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव अठराएक वर्षांचे. त्यांनी आपले शिक्षण सोडले आणि कागल संस्थानात पंधरा रुपये महिन्याची नोकरी धरली. त्या पंधरांतले आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरास शिकणाऱ्या गोपाळला पाठवीत आणि उरलेल्या सातांत घरचा गाडा ओढीत.

गोविंदरावांनी धाकट्या भावाला "तू फक्त अभ्यास कर" असे म्हटले असेलही. पण पंधरातले आठ आपल्याला येतात, घरी सात राहतात, हे गोपाळला ठाऊक होते. ते ठाऊक असल्यामुळेच तो मुलगा खर्चाच्या बाबतीत विलक्षण काटेकोर झाला. एकदा एका मित्राने त्याला नाटकाला नेले आणि नंतर तिकिटाचे दोन आणे मागितले. मित्राने आपल्याला हौसेने नेले, अशी गोपाळची समजूत. त्याने दोन आणे तर दिलेच, पण ते भरून काढण्यासाठी दिव्याचे तेल वाचवले आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, असे सांगतात.

१८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गोखले बी. ए. झाले आणि पुढे पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले. तेथे त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक मुलांच्या कित्येक पिढ्यांनी गिरवले. आणि १९०२ मध्ये कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर त्यांनी जे भाषण केले त्याने सरकारी अधिकारीही चकित झाले. सरकार शिलकीचे अंदाजपत्रक मिरवीत होते. ही शिलक गरीब रयतेवर कर लादून साठलेली आहे, हे गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिले. मिठावरचा कर कमी करावा हा त्यांचा आग्रह, आणि १९०३ मध्ये तो कर खरोखरच खाली आला.

आता, पंधरातले आठ मोजणारा प्रत्येक मुलगा नामदार होतो असे नाही. पण आकड्यामागचा माणूस दिसायला लागणे हेच ज्याला आपण पैशाची समज म्हणतो तिचे मूळ आहे, आणि ती समज गोखल्यांना पुस्तकातून मिळाली नाही. ती कागलहून दर महिन्याला येत होती.

घमेले आणि पुस्तक

गोखल्यांच्या पाठीशी भाऊ होता. ज्यांच्या पाठीशी कोणीच नव्हते त्यांच्यासाठी वाट काढली ती कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि एकत्र राबत. पाणी भरणे, भाकरी भाजणे, शेतात खपणे, बांधकामावर माती वाहणे, सारे मुलांनीच करायचे. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, एवढेच काय मंगळसूत्रसुद्धा, मोडायला काढून दिले, ही गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाही. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर.

भाऊरावांना मुलांकडून फक्त पैसे वाचवून घ्यायचे असते तर त्यांनी देणग्या मिळवून चार आचारी ठेवले असते. घमेले उचललेल्या हाताने पुस्तक उघडले म्हणजे ते कोणाच्या उपकाराचे राहत नाही, हे त्यांना मुलांच्या मनात रुजवायचे होते. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्याच नावाने 'कमवा आणि शिका' योजना चालते. ग्रंथालयात, बागेत, कचेरीत दिवसातले काही तास काम करून मुले तासांच्या हिशेबाने मानधन घेतात. आमच्याकडे येणाऱ्या मध्यमवर्गीय पालकांना मात्र ही योजना 'गरिबांची' वाटते. "आमच्या मुलीवर अजून तेवढी वेळ नाही आलेली," असे एका बाईंनी मला जरा फणकाऱ्यानेच सुनावले होते. काम करणे म्हणजे वेळ येणे, ही आपल्या वर्गाची व्याख्या!

आईच्या पाटल्या

इथवर मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता घरची.

मी तालुक्याच्या गावाहून पुण्यास एम. ए. साठी आलो तो २००१ साली. वडील एका कचेरीत कारकून. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत माझ्या खात्यात पैसे जमा होत. एकदाही उशीर झाला नाही. "तू फक्त अभ्यास कर" हे पालुपद पत्रातही असे आणि फोनवरही. मी ते मनापासून पाळले. खोलीवरच्या एका मित्राने दहावीच्या मुलांची शिकवणी सुचवली होती, महिना चारशे रुपये. मी नाक मुरडले. ज्ञानेश्वरीचा अभ्यास करणाऱ्याने काय दहावीचे व्याकरण शिकवायचे! त्याच महिन्यात मित्रांबरोबर महाबळेश्वरला जाऊन मी सहाशे रुपये उडवून आलो.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईच्या हातात पाटल्या दिसल्या नाहीत. विचारले तर म्हणाली, "उजळायला दिल्यात सोनाराकडे." मी विश्वास ठेवला. खरे सांगायचे तर, विश्वास ठेवणे मला सोयीचे होते.

एम. ए. झाल्यावर 'मोठ्या परीक्षेचा' अभ्यास करतो म्हणून मी आणखी दोन वर्षे पुण्यातच काढली. किती वर्षे द्यायची, हे मी ठरवले नव्हते आणि घरी कोणी विचारले नव्हते. पुढे वडील निवृत्त झाले. त्यांचे कागद लावून देताना एका जुन्या फायलीत मला पतपेढीच्या कर्जाचे पासबुक सापडले आणि त्याला टाचलेली सोनाराची पावती. पाटल्या उजळायला गेल्या नव्हत्या. त्या माझ्या खोलीचे भाडे झाल्या होत्या. तारीख पाहिली. महाबळेश्वरच्या सहलीनंतर तीन आठवड्यांची.

त्या दिवशी मला जे वाटले ते नुसते वाईट वाटणे नव्हते. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हते. ही गोष्ट मला तेव्हाच सांगितली असती तर मी सहलीला गेलो नसतो, शिकवणी धरली असती, ती दोन वर्षे अशी अघळपघळ घालवली नसती. निदान तशी संधी तरी मला मिळाली असती. बावीस वर्षांच्या मुलाला घरच्या अडचणीचा भार पेलणार नाही असे माझ्या आईवडिलांनी प्रेमापोटी ठरवून टाकले, आणि मीही पेलता न येणाराच राहिलो.

पुढे सेट परीक्षा झाली आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काम मिळाले. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांच्या घरी कोणी प्राध्यापकीच्या वाटेवर आहे त्यांना सांगायला नको. जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे. सुटीचे नाहीत, परीक्षेच्या दिवसांचे नाहीत, आणि जे मिळायचे तेही वेळेवर नाहीत. माझे पहिल्या वर्षाचे मानधन आठ महिन्यांनी एकरकमी हाती आले. तो २००८ चा मार्च महिना होता. मी तसाच सोनाराच्या दुकानात गेलो आणि पाटल्यांचा भाव विचारला. मोडल्या तेव्हापासून सोन्याचा भाव दुपटीहून पुढे गेला होता. हातातल्या पैशांत एकही पाटली होईना.

आईला सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "राहू दे रे. आता हात मोकळेच बरे वाटतात. भाकरी थापायला सोपं जातं."

दोघांची एक चोरी

स्वतःचा अनुभव पदरी असल्यामुळे की काय, वर्गातल्या अशा मुलांकडे माझे लक्ष लवकर जाते. तीन वर्षांपूर्वी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा सकाळच्या तासाला हटकून डुलक्या घेई. पुढे पुढे तो येईनासाच झाला. सत्राच्या परीक्षेत दोन विषय राहिले तेव्हा मी त्याला बोलावून घेतले. बऱ्याच आढेवेढ्यांनंतर कळले ते असे. वडिलांच्या फोनवर बँकेचा संदेश आलेला त्याने चुकून पाहिला होता: कर्जाचा हप्ता थकला आहे. त्याने घरी काही विचारले नाही. मोटारसायकल काढली आणि रात्री आठ ते एक घरोघर जेवणाची पार्सले पोहोचवण्याचे काम धरले. घरी सांगितले, अभ्यासिकेत जातो. मिळालेले पैसे कॉलेजच्या किरकोळ फिया भरण्यात आणि पुस्तकांत जात; वडिलांना वाटे, यंदा खर्च कमी आहे.

म्हणजे बाप कर्ज लपवीत होता आणि मुलगा कष्ट लपवीत होता. एकमेकांना सुखात ठेवण्यासाठी दोघेही एकमेकांशी खोटे बोलत होते, आणि मधल्या मध्ये दोन विषय बुडाले होते!

मुलाच्या संमतीने मी वडिलांना बोलावले. मला वाटले होते, गृहस्थ संतापतील. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. मग मुलाकडे न पाहताच त्यांनी विचारले, "दिवसाला किती मिळतात रे?" मुलाने आकडा सांगितला. "आणि पेट्रोल?" तोही सांगितला. वडिलांनी खिशातली छोटी वही काढली आणि माझ्या टेबलावरचे पेन उचलले. पुढची वीस मिनिटे माझ्याकडे दोघांचेही लक्ष नव्हते. कर्ज किती, हप्ता किती, कधीपर्यंत, मुलाला काय मिळते, मोटारसायकल किती खाते. शेवटी ठरले ते असे: काम फक्त शनिवार-रविवार, रात्री दहाच्या आत घरी, आणि राहिलेले दोन विषय आधी. जाताना वडील मला म्हणाले, "सर, याला एवढा हिशेब येतो हे मला माहीत नव्हतं." मुलगा वाणिज्य शाखेचा होता!

एक सत्र वाया गेले ते गेलेच. गोष्ट गोड झाली म्हणून नुकसान भरून निघत नाही. परंतु कर्जाचा आकडा तीन वर्षे आधी कळला असता तर ते झालेच नसते, एवढे मात्र खरे.

मराठीच्या मास्तराचे गणित

माझा विषय मराठी. गणिताचे आणि माझे शाळेपासून सख्य नाही. तरीही दर वर्षी मी मुलांना एक उदाहरण फळ्यावर घालतो, ते येथे मांडतो.

समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षी १ लाख याप्रमाणे ४ लाख रुपयांचे शैक्षणिक कर्ज काढले, दर साल दर शेकडा १० व्याजाने. शिक्षण संपेपर्यंत आणि सामान्यतः त्यापुढे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, म्हणून मुलाला वाटते की तोवर कर्ज झोपलेले आहे. कर्ज झोपत नाही. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज चढते ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३० आणि चौथ्यावर २०. एकूण १ लाख ४० हजार, तेही सरळव्याजाने. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी ४ लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. दहा वर्षांच्या फेडीला महिन्याचा हप्ता पडतो सुमारे ७,१०० रुपये.

आता हेच व्याज चढेल तसे भरत गेले तर? पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, चौथ्या वर्षी ३,३३३. शिक्षण चालू असताना असे नियमाने व्याज भरणाऱ्यास अनेक बँका दरात एक टक्क्याची सूटही देतात. पहिल्या वर्षीचे ८३३ रुपये म्हणजे शाळकरी मुलाची एक शिकवणी. चारही वर्षे सारे व्याज मुलाने भरावे असा माझा आग्रह नाही. पण आपण वर्गात बसलेले असताना आपल्या नावावर महिन्याला किती रुपये चढत आहेत हे त्याला माहीत असले म्हणजे पुढच्या बऱ्याच गोष्टी न सांगता होतात. हप्त्यावर नवा फोन घेताना हात जरा आखडतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात व्याज खाते, हे कळायला चटका बसावा लागत नाही. आणि थकलेल्या हप्त्याची नोंद राहते व उद्या घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर ती समोर येते, हेही ध्यानात येते.

आकडा माहीत असणारे मूल सवलतीही शोधते. आर्थिकदृष्ट्या मागास घटकांतील आणि इतर मागासवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. शिक्षण शुल्काच्या आणि वसतिगृहाच्या भत्त्याच्या इतरही योजना आहेत. पण फॉर्म भरायचा वडिलांनी, तारीख लक्षात ठेवायची वडिलांनी, मग मुदत टळली तर मुलीला त्याचे सुखदुःख नाही. ज्याची फी, त्याचाच फॉर्म, असा घरात दंडक का असू नये?

काळजी नव्हे, आकडा

येथे वाचक भगिनींपैकी कोणी तरी म्हणेल, "अहो, अभ्यासाचं ओझं काय कमी आहे? त्यात घरच्या कर्जाची काळजी त्या लेकराच्या डोक्यावर कशाला?"

ही शंका रास्त आहे. तिला माझे उत्तर असे की, मुलांना काळजी देऊ नका, आकडा द्या. या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. "आमची काय परिस्थिती आहे तुला काय ठाऊक!" ही काळजी झाली. "तुझी फी एवढी, त्यातले एवढे कर्जाचे, एवढे आपले, घरखर्चाला एवढे उरतात," हा आकडा झाला. काळजीने मूल भेदरते. आकड्याने ते विचार करू लागते. आणि आकडा सांगायचा तो एकदाच, शांतपणे, उपकाराची भाषा न वापरता. काही घरांत मुलाला सारे सांगतात खरे, पण ते उठता बसता, "तुझ्यासाठी आम्ही एवढं केलं" या सुरात. त्यापेक्षा लपवणे परवडले!

आकडा सांगितल्यावर आणखी तीन गोष्टी कराव्यात. घरातला एखादा खर्च पूर्णपणे मुलाच्या हाती सोपवावा. विजेचे बिल म्हणा, त्याचा स्वतःचा प्रवासखर्च म्हणा. चुकला तर चुकू द्यावा. दुसरे, त्याने चार पैसे मिळवायचे म्हटले तर अडवू नये, पण तासांची मर्यादा घालून द्यावी. कारण रात्रीची कमाई सकाळचा तास खाऊ लागली की तो आतबट्ट्याचा व्यापार होतो. तिसरे, तो स्पर्धा परीक्षेच्या मार्गाला जाणार असेल तर पहिल्याच दिवशी मुदत ठरवावी. किती वर्षे, किती खर्च, आणि यश न आल्यास पुढे काय, हे कागदावर लिहावे. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत 'या वर्षी नक्की' म्हणत तिशी गाठलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यात बुद्धी कमी नव्हती. त्यांना थांबा म्हणणारी तारीख कोणी दिली नव्हती.

एवढी तयारी झालेला मुलगा पहिल्या पगाराला बिचकत नाही आणि भुलतही नाही. पहिल्या पगारातून कापलेला प्रॉव्हिडंट फंड त्याला दंड वाटत नाही, आणि नोकरी बदलताच तो काढून उधळावा असेही वाटत नाही. बाविसाव्या वर्षापासून दरमहा हजार रुपये आठ टक्क्यांनी साठवले तर साठाव्या वर्षी सुमारे साडेएकोणतीस लाख होतात. तेच बत्तिसाव्या वर्षी सुरू केले तर साडेबारा. मधल्या दहा वर्षांत खिशातून गेलेले असतात फक्त १ लाख २० हजार. मला हे गणित कोणी बाविसाव्या वर्षी सांगितले नाही. मी तेव्हा फक्त अभ्यास करीत होतो.

वहीपूजन

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेतून हिंडावे. व्यापारी मंडळी चोपड्या मांडून बसलेली असतात. नव्या वहीवर हळदकुंकू वाहतात, आणि दुकानातले दहा-बारा वर्षांचे पोर बापाच्या मांडीला मांडी लावून बसलेले असते. घरात काय येते आणि काय जाते, हे त्याला सणाच्या निमित्ताने का होईना, दिसते. आपण नोकरदार माणसे काय करतो? चांदीचे नाणे काढतो, ते पुसतो, त्यावर फूल वाहतो, आणि पुन्हा कपाटात ठेवून देतो. लक्ष्मीची पूजा करतो, पण तिच्या येण्याजाण्याचा हिशेब मुलांपासून झाकूनच ठेवतो.

माझी मुलगी यंदा बारावीत आहे. मे महिन्यानंतर तीही एखाद्या कॉलेजच्या पायऱ्या चढेल. या लक्ष्मीपूजनाला मी पाटावर नाण्याशेजारी घरखर्चाची वही ठेवणार आहे, आणि आरती झाल्यावर ती तिच्या हाती देणार आहे. तीत घराच्या कर्जाचा हप्ता आहे, तिच्या शिकवणीवर्गाची फी आहे, आजीच्या औषधांचा खर्च आहे. पहिल्या पानावर मी एक जुनी पावतीही चिकटवून ठेवली आहे, सोनाराची. तिने विचारले तर सांगेन.

आजी शेजारीच बसलेली असेल. तिला काय वाटेल कोण जाणे. बहुधा म्हणेल, "कशाला रे पोरीला ते सगळं? तिला अभ्यास करू दे."